नोकरी सांभाळून बुद्धिबळ सुधारायचं तर

बुद्धिबळाच्या ओपन रेटिंग स्पर्धेत (कुठल्याही वयाच्या खेळाडूंसाठी खुली, जिच्या निकालांवरून खेळाडूची ताकद आकड्यात, म्हणजे रेटिंगमध्ये मोजतात) पहिल्यांदा नाव घालणाऱ्या तिशी-पस्तिशीतल्या माणसाने एक गोष्ट आधीच धरून चालावी. समोर बहुधा चौथी-पाचवीतलं मूल येऊन बसेल आणि ते आपल्याहून चांगलं खेळत असेल. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ती १९ वर्षांची होती. ती वाट आपली नाही. पण दिवसाचा एक तास हाती असेल तर मोठ्या वयातही खेळ सुधारतो. मी तो सुधारताना पाहिला आहे, माझाही आणि आमच्या मंडळात संध्याकाळी येणाऱ्या इतरांचाही.

प्रश्न एवढाच, की तो तास घालवायचा कशावर. बहुतेक नवीन खेळाडू तो ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चालींच्या, व्हिडिओंना देतात. मला ते पटत नाही. सिसिलियन नावाच्या ओपनिंगची बारावी चाल पाठ असते, पण समोरचा सहाव्याच चालीला वेगळं काही खेळतो आणि तिथून पुढे स्वतःच्या डोक्याने खेळावं लागतं. सुरुवातीला पांढऱ्याने एक आणि काळ्याने दोन ओपनिंग पुरे. मोहरे लवकर बाहेर काढा, राजाला कॅसलिंग करून (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून) सुरक्षित ठेवा आणि पुढे चला.

तास द्यायचा तो स्वतःच्या डावांना. त्यासाठी आधी सावकाश खेळायला हवं. मोबाईलवर तीन मिनिटांचे ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव खेळून मजा येते, हात मोकळा होतो; पण विचार करायची सवय त्यातून लागत नाही. आठवड्यातून एक तरी डाव लांब वेळेचा खेळावा, शक्यतो खऱ्या पटावर, चाली लिहून. डाव संपला की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मांडावा. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम, बंद ठेवायचं. ही अट सर्वांत महत्त्वाची आहे.

मी तीन ठिकाणी पेन्सिलने खूण करतो: जिथे सर्वांत जास्त वेळ घेतला, जिथे समोरच्याची चाल अजिबात अपेक्षित नव्हती, आणि जिथून डाव एका बाजूला झुकला असं वाटतं. प्रत्येक खुणेपाशी तेव्हा मनात काय चाललं होतं ते एका ओळीत लिहितो. एवढं झालं की मगच इंजिन लावतो. इंजिन योग्य चाल क्षणात दाखवतं, पण ती आपल्याला का दिसली नाही हे त्याला सांगता येत नाही. ते त्या पेन्सिलच्या ओळीत सापडतं. अशा पंधरा-वीस डावांनंतर वहीत काहीतरी पुन्हापुन्हा दिसू लागतं. आमच्यातल्या एकाचे डाव नेहमी वजिरावजिरी, म्हणजे दोन्ही वजीर मारले जाऊन पटावरून गेल्यावर बिघडायचे. दुसऱ्याकडे एक प्यादं जास्त असलं की तो घाई करायचा. माझ्या वहीत निघालं ते असं, की समोरचा उंट किंवा घोडा मागे जाऊ शकतो हे मी मोजतच नाही. दुखणं कळल्यावर काय सुधारायचं हा प्रश्न उरत नाही.

दुसरी सवय पटावरची. समोरच्याने चाल केली की आपला बेत क्षणभर बाजूला ठेवून विचारायचं: याला आता काय करायचंय? त्याच्याकडे शह आहे का, तो काही मारतोय का, पुढच्या चालीला कसली धमकी आहे? दीड हजाराच्या खालच्या रेटिंगचे बहुतेक डाव कुणीतरी मोहरं फुकट दिल्यामुळेच संपतात. त्या पातळीवर खोल डावपेचांपेक्षा ही तपासणी जास्त गुण मिळवून देते.

टॅक्टिक्सच्या, म्हणजे दोन-चार चालींत फायदा मिळवण्याच्या, कोड्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. रोज नवी पन्नास कोडी सोडवण्यापेक्षा तीच दोनशे-तीनशे सोपी कोडी पुन्हापुन्हा सोडवावीत, इतकी की पिन (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे पुढचं मोहरं अडकणं) किंवा फोर्क (एकाच चालीत दोन मोहऱ्यांवर हल्ला) पाहताक्षणी दिसावा. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये खेळाडूंना काही सेकंद पट दाखवून तो आठवून मांडायला लावला. खऱ्या डावातली स्थिती मास्टरने नवख्यापेक्षा कितीतरी चांगली मांडली. मोहरे कसेही विखुरलेले असले की त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे मुरलेला खेळाडू सुटे मोहरे पाहत नाही, ओळखीचे समूह पाहतो. ती ओळख घोटूनच होते.

एंडगेम, म्हणजे थोडेच मोहरे उरल्यावरचा खेळ, मात्र अगदी पहिल्या महिन्यापासून घ्यावा. (घरांची नावं पांढऱ्याच्या बाजूने मोजतात: डावीकडून ए ते एच या उभ्या रांगा, खालून १ ते ८ या आडव्या.) पांढरा राजा ई६, प्यादं ई५ आणि काळा राजा ई८ वर असेल तर चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. तेच प्यादं ई६ वर आणि राजा त्याच्या मागे ई५ वर असेल तर काळ्याने नीट खेळल्यास डाव बरोबरीत सुटतो. राजाने प्याद्याच्या पुढे असावं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. हत्तीच्या एंडगेममध्ये जुने फ्रेंच खेळाडू फिलिडोर यांच्या नावाचा बचाव शिकावा. समोरच्याकडे एक प्यादं जास्त आहे आणि आपला राजा त्या प्याद्याच्या वाटेत उभा आहे. आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत आडवा ठेवायचा, म्हणजे त्याच्या राजाला पुढे येता येत नाही. प्यादं त्या रांगेत आलं की हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचं. आता त्याच्या राजाला आडोसाच नसतो. अठराव्या शतकातली ही युक्ती आजही अर्धा गुण वाचवते.

ज्यांना आजोबांनी देशी पद्धतीचा खेळ शिकवला, त्यांनी नियम एकदा नव्याने वाचावेत. देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. स्पर्धेत हे चालत नाही. तिथे हात लावलेलं मोहरं चालवावंच लागतं. खिशात मोबाईल सापडला तर डाव जाऊ शकतो, म्हणून तो बाहेर ठेवूनच हॉलमध्ये शिरावं.

नाव घालण्याआधी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे खेळाडू म्हणून नोंदणी करावी लागते. फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात आणि २०२४ पासून यादी १४०० च्या खाली जात नाही. त्यामुळे पहिल्या एक-दोन स्पर्धांत रेटिंग आलं नाही तरी चाली लिहिलेले कागद घरी आणा आणि त्या मुलाने तुम्हाला कुठे गाठलं ते शोधा. तयार असेल तर डावानंतर त्याच्याशीच बसा. ही मुलं फार मोकळेपणाने दाखवतात.