पत्नीच्या खुनाचे अपील: कागद कसे वाचावेत, मुद्दे कसे बांधावेत

पत्नीचा खून केल्याच्या आरोपावरून सत्र न्यायालयाने पतीला जन्मठेप दिल्यावर किंवा निर्दोष सोडल्यावर प्रकरण उच्च न्यायालयात जाते. अशा बहुतेक प्रकरणांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतो, कारण घटना चार भिंतींच्या आत घडलेली असते. त्यामुळे सारे अपील परिस्थितीजन्य पुराव्यावर उभे राहते. पुढील मांडणी अशा अपिलाचे पेपरबुक, म्हणजे खटल्यातील कागदांचा एकत्र संच, पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या नवोदित वकिलासाठी आहे. आपल्या वकिलाला नेमके काय विचारावे हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांनाही तिचा उपयोग होईल.

मुदतीचा हिशेब आधी करावा. जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यास ६० दिवस मिळतात आणि फाशीच्या शिक्षेविरुद्ध ३० दिवस. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेला काळ यातून वगळला जातो, आणि त्यानंतरही उशीर झाला तर सबळ कारण दाखवून विलंबमाफीचा अर्ज करता येतो. आरोपी तुरुंगात असेल तर तो तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवू शकतो, आणि वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर खुनाचा आरोप भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खालीच चालतो, त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील अपिले आता मुंबईऐवजी ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे (उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठापुढे) जातात, हेही ध्यानात ठेवावे.

पेपरबुक हाती आल्यावर निकालपत्रापासून वाचायला सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निकालपत्र आधी वाचले की न्यायाधीशांनी ज्या क्रमाने घटना जुळवली, त्याच क्रमाने आपणही विचार करू लागतो, आणि मग जे कागदावर नाही ते दिसेनासे होते. प्रथम मरणोत्तर पंचनामा, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि डॉक्टरांची साक्ष, विशेषतः तिची उलटतपासणी वाचावी. या चार कागदांकडून एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते, ते म्हणजे मृत्यू मनुष्यवधाचा आहे हे सिद्ध झाले आहे का. आत्महत्या, अपघात किंवा आजार यांची शक्यता शिल्लक असेल तर पतीच्या वागण्याची चर्चा कितीही रंगली तरी खुनाचा आरोप टिकत नाही.

गळ्यावरील व्रणांच्या प्रकरणात हे विशेष बारकाईने पाहावे लागते. गळफासात व्रण सहसा गळ्याच्या वरच्या भागात, तिरपा आणि गाठीपाशी तुटलेला असतो. दोरीने आवळल्यास तो बहुधा आडवा, सलग आणि खालच्या भागात असतो. हाताने गळा दाबल्यास नखांचे ओरखडे, बोटांच्या दाबाच्या खुणा आणि कंठास्थीचा भंग यांना महत्त्व येते. जळिताच्या प्रकरणात श्वासनलिकेत काजळी सापडली का, हे पाहिले जाते, कारण ती सापडणे म्हणजे आग लागली तेव्हा श्वास चालू होता. ही लक्षणे निरपवाद नसतात, म्हणूनच अहवालातील निष्कर्षापेक्षा डॉक्टरांनी उलटतपासणीत काय मान्य केले त्याला अधिक वजन असते. घटनास्थळ पंचनाम्यात दाराची कडी आतून होती की बाहेरून, दार तोडले होते का, छताची उंची किती होती, याच्या नोंदी शोधाव्यात. कडीविषयीची एक ओळ कधीकधी डझनभर साक्षीदारांना भारी पडते.

मनुष्यवध सिद्ध झाल्यावरच दुसरा प्रश्न येतो, की त्या वेळी पती घरात होता का. पती-पत्नी एकाच घरात राहतात एवढ्यावर त्या रात्रीची उपस्थिती सिद्ध होत नाही. शेजारी, दूधवाला, कामावरील हजेरीपट, मोबाइलची नोंद यांतून ती वेळेनिशी दाखवावी लागते, आणि ती वेळ शवविच्छेदनातून निघणाऱ्या मृत्यूच्या वेळेशी जुळावी लागते.

या दोन पायऱ्या चढल्यावर जो मुद्दा येतो त्यावरच बहुतेक युक्तिवाद घुटमळतात. पुरावा कायद्याचे जुने कलम १०६, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १०९, सांगते की जी गोष्ट विशेषत्वाने एखाद्याच्या माहितीतील आहे ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व घरातील मृत्यूंना लावले. त्या प्रकरणात सर्पदंशाने मृत्यू झाल्याचे सांगितले गेले होते, पण वैद्यकीय पुरावा गळा दाबल्याचा होता, आणि पतीची शिक्षा कायम राहिली. सरकारी वकील हा निकाल हमखास पुढे करतात. मात्र शंभूनाथ मेहरा खटल्यात १९५६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की या कलमामुळे सरकार पक्षाची मूळ जबाबदारी संपत नाही. २०२१ च्या शिवाजी चिंतप्पा पाटील विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात तर पत्नीच्या मृत्यूच्याच प्रकरणात पतीला निर्दोष ठरवण्यात आले, कारण आत्महत्येची शक्यता वैद्यकीय पुराव्याने नाकारली गेली नव्हती. हे निकाल परस्परविरोधी आहेत असे मानून त्यांतील एक निवडण्याची गरज नाही. सर्पदंशाच्या प्रकरणात मनुष्यवध आधी सिद्ध झाला होता, म्हणून खोट्या खुलाशाला किंमत आली. पाटील प्रकरणात तो सिद्ध झाला नव्हता, म्हणून पतीकडे खुलासा मागण्याची वेळच आली नाही. अपिलाचा मेमो, म्हणजे अपिलाची कारणे मांडणारा अर्ज, कोणत्याही बाजूचा असो, त्यातील कारणे याच क्रमाने लिहावीत.

परिस्थितीजन्य पुराव्याची मूळ कसोटी शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात आहे. पुण्यातील एका विवाहितेचा १९८२ मध्ये पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाला होता. सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध हवी, त्या सगळ्या आरोपीच्या दोषाशीच सुसंगत हव्यात, निर्णायक स्वरूपाच्या हव्यात, दुसरे प्रत्येक वाजवी गृहीतक वगळणाऱ्या हव्यात, आणि साखळी अखंड हवी, असे त्या निकालाने सांगितले. खोटा खुलासा या साखळीला जोडलेली जादा कडी होऊ शकतो, पण गहाळ कडीची जागा तो घेऊ शकत नाही. विषाच्या प्रकरणांत आणखी दोन गोष्टी लागतात, त्या म्हणजे ते विष आरोपीच्या ताब्यात होते आणि ते देण्याची संधी त्याला होती.

याच निकालातील एका भागाकडे नवे वकील दुर्लक्ष करतात. पुराव्यातील गोष्टींविषयी न्यायाधीश आरोपीलाच प्रश्न विचारून त्याचा खुलासा नोंदवतात, तो जबाब जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ चा (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३५१). ज्या परिस्थिती त्या जबाबात विचारल्याच गेल्या नव्हत्या, त्या न्यायालयाने विचारातून वगळल्या. म्हणून निकालपत्र उघडल्यावर एक तक्ता करावा. पहिल्या रकान्यात न्यायाधीशांनी आधार घेतलेली प्रत्येक परिस्थिती, दुसऱ्यात तिचा साक्षीदार आणि निशाणी क्रमांक, तिसऱ्यात त्या साक्षीदाराने उलटतपासणीत दिलेली कबुली, आणि चौथ्यात जबाबातील प्रश्नाचा क्रमांक. चौथा रकाना जिथे रिकामा राहतो तिथे आरोपीच्या बाजूचा हक्काचा मुद्दा असतो. सरकार पक्षाकडून काम करणाऱ्यानेही हाच तक्ता करावा, म्हणजे तो प्रश्न न विचारल्यामुळे आरोपीचे काही नुकसान झाले नाही हे दाखवण्याची तयारी ठेवता येते.

हेतू आणि छळ यांविषयी माहेरच्या नातेवाइकांच्या साक्षी असतात. पोलिसांपुढील पहिल्या जबाबात जे नव्हते ते साक्षीत आले का, हे ताडून पाहावे, कारण महत्त्वाची गोष्ट गाळलेली असणे हीच विसंगती ठरते. मयताची पत्रे किंवा मोबाइलवरील संदेश मृत्यूच्या परिस्थितीशी संबंधित असतील तर ग्राह्य धरता येतात, पण तीच पत्रे कधी छळ दाखवतात आणि कधी आत्महत्येची मनःस्थिती. छळाचा पुरावा भक्कम आणि खुनाचा कच्चा असेल तर जुन्या दंड संहितेतील छळाचे कलम ४९८-अ किंवा हुंडाबळीचे ३०४-ब वेगळे तपासावे. हुंडाबळीसाठी लग्नाला सात वर्षे झालेली नसणे आणि मृत्यूच्या अलीकडच्या काळात हुंड्यासाठी छळ असणे आवश्यक आहे.

निर्दोष सुटकेविरुद्धचे अपील अधिक अवघड असते. तिथे आरोपीच्या निर्दोषत्वाच्या गृहीतकाला न्यायालयाच्या निकालाने बळकटी मिळालेली असते, आणि दोन मते शक्य असतील तर उच्च न्यायालय सहसा हस्तक्षेप करत नाही. चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या २००७ च्या निकालात हे एकत्र वाचायला मिळते. सरकारला अशा अपिलासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. पीडित व्यक्तीला, जिच्यात कायदेशीर वारसही येतात, २००९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र हक्क मिळाला, आणि तिला परवानगीची गरज नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात ठरवले. ‘पोरीला न्याय मिळाला नाही’ ही भावना मेमोत न लिहिता, सत्र न्यायालयाने कोणता पुरावा वाचलाच नाही किंवा चुकीचा वाचला ते पान क्रमांकासह लिहावे.

दोषी ठरलेल्या पतीच्या अपिलाबरोबर शिक्षा स्थगिती व जामिनाचा अर्ज जोडता येतो. जन्मठेपेच्या प्रकरणात सरकारी वकिलाला लेखी विरोधाची संधी द्यावी लागते, त्यामुळे पहिल्याच तारखेला आदेशाची अपेक्षा धरू नये. अर्जात संपूर्ण पुराव्याचा कीस न काढता, मनुष्यवधाच्या मुद्द्यावरील एखादी ठळक उणीव, भोगलेला तुरुंगवास आणि खटला चालू असतानाचे जामिनावरील वर्तन मांडावे.

उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका करता येते. तिची मुदत साधारणतः ९० दिवस, फाशीच्या प्रकरणात ६० दिवस. उच्च न्यायालयाने निर्दोष सुटका फिरवून जन्मठेप किंवा फाशी दिली असेल तर मात्र अनुमती मागावी लागत नाही, तिथे अपील हा हक्कच असतो, आणि याचिकेचा नमुना भरण्याआधी आपले प्रकरण यांपैकी कोणत्या वर्गातले आहे हे तपासून घ्यावे.