सॉफ्टनरचं पाणी फिशटँकला आणि कुंड्यांना द्यावं का?

इंदुरात नर्मदेचं पाणी पुरत नाही तिथे बोरिंग चालतं, आणि गीझर-नळांवर पांढरे थर धरायला लागले की घरात सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) येतो. कपडे आणि भांडी धुवायला तो उत्तम. मासे आणि झाडांसाठी मात्र पाणी सॉफ्टनरच्या आधीच घ्यावं.

सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, बदलतो. त्यातलं रेझिन (बारीक मणी) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याजागी सोडियम सोडतं. 100 पीपीएम जडपणामागे लिटरला साधारण 46 मिलिग्रॅम सोडियम येतं. बोरिंग 400 चं असेल तर 184. टीडीएस पेनवर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं यंत्र) आकडा जवळपास तोच दिसतो, म्हणून पेनवर विसंबू नका. जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा एकूण जडपणा) आणि केएच (कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) मोजणारे थेंबांचे किट घ्या. सॉफ्टनरनंतर जीएच शून्याजवळ येतो, केएच जागच्या जागी राहतो आणि पीएच चढाच असतो. म्हणून टेट्रा-डिस्कस या कमी पीएचच्या मऊ पाण्यातल्या माशांना हे पाणी मानवत नाही. गप्पी-मॉलींना कॅल्शियम कमी पडतं, गोगलगायींच्या शंखांना खड्डे पडतात.

प्लंबरकडून सॉफ्टनरच्या आधी टी टाकून वेगळा नळ काढून घ्या. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना बोरिंगचं पाणी तसंच चालतं, फक्त 24 तास एअर पंप लावून ठेवा. जमिनीतल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. टेट्रांसाठी एक भाग बोरिंग, तीन भाग आरओ. नर्मदेच्या नळाचं पाणी वापरलंत तर अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) आधी घाला.

आजवर टँकमध्ये सॉफ्टनरचंच पाणी असेल तर एकदम बदलू नका, मासे धक्क्याने मरतात. आठवड्याला 15 टक्के पुरे. नुसतं आरओ भरणार असाल तर 100 लिटरला 9 ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि 4.5 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट (एप्सम सॉल्ट) घाला, जीएच सुमारे 4 अंश वाढतो. जिप्सम हळू विरघळतं. बादलीत ढवळून, रात्रभर ठेवून मगच ओता.

झाडांचं नुकसान उशिरा दिसतं. आधी पानांची टोकं करपतात, मग कुंडीत पाणी वरच साचून राहतं. माळव्याच्या काळ्या मातीत चिकणमाती भरपूर. सोडियमने तिचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात, मुळांना हवा मिळत नाही. अशा कुंडीला नुसतं पावसाचं पाणी देऊन भागत नाही, त्याने माती आणखी घट्ट बसू शकते. बारा इंची कुंडीत मोठा चमचाभर जिप्सम वरच्या मातीत मिसळा, मग बोरिंगचं साधं पाणी कुंडीच्या दुप्पट-तिप्पट मापाने, खालून वाहून जाईपर्यंत थोडं थोडं ओता. पानांवर पांढरे डाग पडले तर पडू द्या, ओल्या फडक्याने पुसले की जातात.

रिजनरेशनच्या वेळी, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करताना, बाहेर पडणारं मिठाचं पाणी बागेकडे अजिबात सोडू नका, ते थेट ड्रेनेजमध्येच गेलं पाहिजे.