डायनो आले? आधी पाणी बदलणं थांबवा

खाऱ्या पाण्याच्या समुद्री टँकमध्ये वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे, त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, दुपारभर वाढत जातात आणि लाइट बंद झाले की रात्रीतून गायब, सकाळी टँक चकाचक आणि संध्याकाळी परत तेच. हे बहुतेक डायनोफ्लॅजेलेट, म्हणजेच डायनो, एकपेशीय सूक्ष्मजीव. डायटम (सूक्ष्म तपकिरी शेवाळ) असतील तर नुसती तपकिरी धूळ बसते, सायनो (सायनोबॅक्टेरिया) असेल तर लालसर थर सालपटासारखा निघून येतो.

खात्री करायला थोडा चिकटा पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यूतून गाळा आणि ते पाणी तासभर लाइटखाली ठेवा. परत धागे जमले की समजा डायनोच. पण कुठला ते कळायला मायक्रोस्कोप लागतोच, 400 पट, मुलांचा शाळेतलाही चालतो. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा, दोरीला बांधल्यासारखा जागच्या जागी गरगरतो. ॲम्फिडिनियम लंबगोल, टोकाला छोटी चोच, वाळूवर सरकत राहतो.

मी पहिल्यांदा काय केलं, तर घाण दिसली म्हणून दर रविवारी पाणी बदललं, फॉस्फेट रिमूव्हर वाढवला, आणि डायनो अजूनच माजले! कारण नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आलं की बाकीचं शेवाळ आणि बॅक्टेरिया उपाशी मरतात, हे मात्र बॅक्टेरिया खाऊनही जगतात. आणि आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली येतात, त्यामुळे समुद्रातले जिवंत खडक न घेता टँक बहुतेक ड्राय रॉकवरच, म्हणजे जीव नसलेल्या कोरड्या खडकांवरच, उभे राहतात, म्हणजे सुरुवातीला टक्कर द्यायला दुसरं कोणी नसतंच.

तर रिमूव्हर काढा, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कमी चालवा, नायट्रेट 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.1 च्या आसपास न्या, हळूहळू, रोज टेस्ट करून. खडक सुरुवातीला फॉस्फेट शोषून घेतात म्हणून आकडा परत पडतो, वैतागू नका.

ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो म्हणून त्याला यूव्ही (पाणी ज्यातून फिरवतात तो अतिनील दिवा) लागू पडतो, साधारण 10 लिटरला 1 वॅट, फ्लो कमी, आणि पाणी संपमधून (फिल्टरच्या वेगळ्या टाकीतून) नाही तर थेट मेन टँकमधून घ्यायचं. सोबत तीन दिवस ब्लॅकआउट, म्हणजे टँकमध्ये पूर्ण अंधार. ॲम्फिडिनियम वाळू सोडत नाही, त्याच्यावर यूव्हीचे पैसे घालवू नका, तिथे सिलिकेट डोस करून डायटम वाढवायचे आणि धीर धरायचा, महिने लागतात.

काचेवर हिरवं शेवाळ आलं की पुसू नका, त्याचीच वाट बघतोय आपण. ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असतो, गोगलगायी पटापट मरतात, म्हणून ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवा आणि हात घालताना ग्लोव्हज घाला.