कल्पित जगासाठी गाणी रचताना

कल्पित जगाची कादंबरी लिहिणारा लेखक त्या जगातील राज्ये, घराणी, नकाशे आणि देवदेवता यांच्यासाठी महिनोन्‌महिने खर्ची घालतो, आणि तेथील माणसे गाऊ लागली की चार यमके जुळवून मोकळा होतो. वाचकही मग ती तिरक्या अक्षरांतील कडवी ओलांडून पुढे जातो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. गाणे कोण म्हणते, कोणते काम करताना म्हणते, त्या वेळी हात कशात गुंतलेले असतात आणि दम कोठे तुटतो, एवढे ठरल्याशिवाय एकही ओळ लिहू नये, हा या कामातला पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

कोल्हापूर परिसरात राहणाऱ्या लेखकाला याचे धडे घेण्यासाठी लांब जावे लागत नाही. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा उधळत असताना ढोलाच्या ठेक्यावर धनगर नाचतात. त्याच समाजाची धनगरी ओवी ऐकावी, म्हणजे गायलेला भाग आणि गद्यात सांगितलेला भाग आलटून पालटून येत कथा कशी पुढे सरकते, हे कानांना कळते. कादंबरीत गाणे कोठे थांबवून निवेदन कोठे सुरू करावे, याचा इतका चांगला वस्तुपाठ मला दुसरा माहीत नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच, जड काठ्या, नाचविणाऱ्यांच्या तोंडी असलेले ‘चांगभलं’ ऐकावे. ओझे पेलणाऱ्या माणसाला लांब ओळ परवडत नाही, म्हणून तेथे एका श्वासात संपणारी आरोळी असते. आपल्या कल्पित जगात कोणी जड नौका ओढत असेल, तर त्याच्या तोंडी सोळा मात्रांची नाजूक ओळ घालणे चुकीचे ठरेल.

जात्यावरच्या ओवीचा घाटही असाच कामातून आलेला आहे. खुंट्याला हात, समोर दुसरी बाई, जात्याच्या घरघरीत टिकणारा सूर आणि फेऱ्याबरोबर पुन्हा येणारी चाल, यांमुळे ती दोन ओळींत पुरी होते आणि प्रत्येक ओवी स्वतंत्र उभी राहते. याउलट पोवाड्याला डफ, तुणतुणे आणि मागे झील धरणारे, म्हणजे ओळीचा शेवट सुरात उचलून धरणारे, साथीदार असतात, म्हणून शाहिराला दम घेण्याची जागा मिळते आणि तो लांब कथा पेलू शकतो. पिराजीराव सरनाईक यांच्यासारख्या शाहिरांच्या कोल्हापुरात वाढलेल्या लेखकाला हे नव्याने सांगण्याची गरज नसावी.

आता हे प्रत्यक्ष करून पाहू. कोल्हापूरच्या पंचगंगेच्या नावात पाच नद्या आहेत. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती दिसतात आणि पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. या श्रद्धेवरून आपण एक कल्पित प्रदेश घेऊ. तेथे तांबरी नावाची नदी होती, ती आज कोरडी आहे, आणि ती भुईखालून अजून वाहते असे लोक मानतात. नवखा लेखक त्या प्रदेशातील बायकांच्या तोंडी साधारणपणे असे गाणे देईल:

हजार वर्षांमागे तांबरी वाहत होती,
राजाच्या शापामुळे पाताळी गेली ती.

येथे यमक आहे, माहितीही आहे, मात्र गाणारी कोणीच नाही. ज्या बायका रोज त्या कोरड्या पात्रातून चालतात, त्या एकमेकींना नदीचा इतिहास कशासाठी सांगतील? तो साऱ्यांना ठाऊकच आहे. माहिती वाचकाला हवी असते आणि लेखकाने ती बायकांच्या गळ्यात बांधलेली असते. त्याऐवजी त्या श्रद्धेमुळे घरात काय पाळले जाते, हे शोधावे:

तिन्हीसांजेच्या गं वेळी, घागर पालथी ठेवू नये,
भुईतल्या तांबरीला, रितं तोंड दावू नये.

पालथ्या घागरीचे तोंड जमिनीकडे असते, म्हणजे खाली असलेल्या नदीला ती रिकामी घागर दिसेल आणि वाईट वाटेल, असा त्या गाणारीचा हिशेब आहे. नदी भुईखाली आहे हे तिने कोठेही सांगितले नाही, तरी ते वाचकाला कळले. नदीची भीती आहे की माया आहे, हे मात्र त्याला स्वतः ठरवावे लागते. आणि ही ओवी पुढे कथेत उपयोगी पडते, कारण एखाद्या परक्या घरात कोणी संध्याकाळी घागर पालथी घातली, की वाचक दचकतो.

त्याच जगातील एखादा विरक्त याच नदीविषयी वेगळ्या छंदात बोलेल. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक येते:

डोळ्यांना न दिसे । खडकांत वसे ।
तहानेला पुसे । नाव माझे ॥

चौथा चरण आखूड असल्यामुळे तेथे आवाज खाली बसतो, म्हणून मनाला लागणारी गोष्ट त्या चार अक्षरांत ठेवावी. शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा येऊ द्यावी. ‘तुका म्हणे’ ही चार अक्षरे जशी ऐकताक्षणी ओळखू येतात, तशी आपल्या कल्पित संतासाठीही एक मुद्रा ठरवून ती त्याच्या सर्व रचनांत सांभाळावी.

तिसरा आवाज दरबाराचा. पोवाड्यामागे बहुधा पराक्रम आणि आश्रयदाता असतो; अफझलखानाच्या 1659 मधील वधावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा याचे ठळक उदाहरण आहे. आपल्या कल्पित राजाचा शाहीर नदीविषयी गाईल तो असा:

चिरा खाणीचा, चुना घाणीचा, रातीत बांध केला उभा,
तांबरी वळली, तळ्यात शिरली, राजानं भरवली सभा, जी जी जी!

स्तुतीच्या भरात शाहिराने नकळत खरे सांगून टाकले आहे. नदी शापाने गेली नाही आणि भुईतही गेली नाही. गडाच्या तळ्यासाठी ती वळविली गेली. ओवी, अभंग आणि पोवाडा यांत नदीची तीन वेगळी खरी-खोटी रूपे आली, आणि लेखकाने मध्ये पडून कोणते खरे हे सांगितले नाही. कल्पित जगाला खोली येते ती अशा विसंगतीतून. एकाच घटनेविषयी सर्व गाणी एकमताने बोलू लागली, की ती सर्व एकाच माणसाने एकाच टेबलाशी बसून लिहिली आहेत हे वाचकाला तत्काळ जाणवते. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक घटनेसाठी निदान दोन परस्परविरोधी गाणी रचून ठेवावीत, मग त्यांतील एक कादंबरीत आले नाही तरी चालेल.

भूगोल सांगायचा असेल तर देवीपुढे घातल्या जाणाऱ्या गोंधळाकडे पाहावे. संबळ वाजू लागली की गोंधळी देवदेवतांना त्यांच्या ठाण्यांसह नावे घेऊन बोलावतो, आणि ऐकणाऱ्यासमोर आपोआप सारा मुलूख उभा राहतो. कल्पित जगातही असे आवाहन रचता येते, फक्त नावांचा क्रम विचारपूर्वक लावावा. ज्या गावात गोंधळ घातला जातो, तेथील देवता आधी येते का शेवटी, आणि शत्रूच्या मुलुखातील देवीला बोलावतात की वगळतात, यावरून त्या समाजाविषयी पानभर वर्णनापेक्षा अधिक कळते. पाळणे, उखाणे, लावण्या, आरत्या यांनाही हाच न्याय लागू पडतो. त्यांचा स्वतंत्र विस्तार येथे करत नाही.

अक्षरगणवृत्ते, म्हणजे ओळीतील प्रत्येक अक्षर लघु (ऱ्हस्व) की गुरू (दीर्घ) हे ठरलेले छंद, जपून वापरावीत. भुजंगप्रयातासारखे वृत्त बारा अक्षरांच्या लघु-गुरूंचे पक्के बंधन पाळते, म्हणून ते शिकलेल्या, पोथ्या बाळगणाऱ्या वर्गाच्या तोंडी शोभते. एखाद्या पात्राने मेंढरे राखत राखत निर्दोष भुजंगप्रयात म्हटले, तर तो कोठे शिकला याचे उत्तर कथेत असले पाहिजे. आणि ते उत्तर रंजक असेल, तर जरूर म्हणू द्यावे.

गाणे रचून झाल्यावर ते जुने करावे लागते, आणि हा टप्पा बहुतेक लेखक गाळतात. तोंडोतोंडी आलेल्या गाण्यात एखादे नाव बदललेले असते, एखादी ओळ दुसऱ्या गाण्यातून आलेली असते, आणि एखादा शब्द असा असतो की गाणाऱ्यालाही त्याचा अर्थ सांगता येत नाही, तरी तो काढला तर चाल मोडते. वरच्या ओवीत घाटाखालच्या गावांतल्या बायका ‘तांबरी’ऐवजी ‘तांबाई’ म्हणतात असे ठरविले, तर त्या गावांत नदीची देवी झालेली आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र अशी झीज एका गाण्यात एक-दोन ठिकाणीच असावी, नाहीतर वाचकाला ते मुद्रणदोष वाटतील.

कादंबरीत पूर्ण गाणे क्वचितच द्यावे. लग्नात, यात्रेत किंवा दरबारात ते सलग येऊ शकते. एरवी दोन ओळी पुरतात, आणि त्यांच्या मध्येच कोणी हाक मारली किंवा दार वाजले तर अधिक चांगले.

शेवटची परीक्षा कानाची असते. ज्याने आपले हस्तलिखित वाचलेले नाही अशा माणसाला गाणे दोनदा म्हणून दाखवावे, कागद त्याच्या हाती देऊ नये, आणि आठवडाभराने तेच गाणे त्याच्याकडून म्हणून घ्यावे. जी ओळ तो जशीच्या तशी म्हणेल ती ठेवावी, जी त्याला आठवणार नाही ती पुन्हा रचावी, आणि जी त्याने न कळत बदलून अधिक सोपी केली असेल, ती त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावी.