'ड्यूक ऑफ गीझचा खून' (१९०८) कसा पाहावा

हा फ्रेंच मूकपट जेमतेम पंधरा-सतरा मिनिटांचा आहे, पण थेट लावू नका. आधी भांडण समजून घ्या. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात वर्षानुवर्षं युद्ध चाललेलं. राजा तिसरा हेन्री फक्त नावापुरताच. कॅथलिक लीग या कट्टर कॅथलिक गटाचा पुढारी ड्यूक ऑफ गीझ मात्र पॅरिसकरांच्या गळ्यातला ताईत. मे १५८८ मध्ये लोकांनी रस्ते अडवले आणि राजालाच राजधानी सोडून पळावं लागलं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला ब्लवाच्या किल्ल्यात त्याने गीझचा काटा काढला. एवढं ठाऊक नसेल, तर पडद्यावर नुसती दाढीवाली माणसं ये-जा करताना दिसतील.

प्रत नीट निवडा. माणसं तुरुतुरु पळत असतील तर वेग चुकलाय, दुसरी शोधा.

पहिल्यांदा आवाज बंद ठेवून पाहा. कॅमेरा जागचा हलत नाही, म्हणून चेहरे न्याहाळत बसू नका, दारं बघा. मला हा सगळा कट दारांमध्येच दिसतो. सावध राहा म्हणून चिठ्ठी येते, गीझ ती उडवून लावतो, राजाचं बोलावणं येताच निघतो. एका दालनातून दुसऱ्यात जाताना मारेकरी आजूबाजूलाच असतात. त्याची चाल बघा: मानी आणि बेफिकीर. परत फिरायला वाट उरलेली नाही हे त्याच्याआधी आपल्याला कळतं, आणि तिथे माझा जीव दरवेळी वरखाली होतो.

दुसऱ्यांदा संगीतासह पाहा. कामिय सँ-साँस यांनी ते खास या चित्रपटासाठी रचलं: एक प्रस्तावना आणि पाच भाग. भलतंच पियानोवादन चिकटवलेल्या प्रती सरळ टाळा.

तिसऱ्यांदा फक्त राजावर नजर ठेवा. ती भूमिका करणारे शार्ल ल बार्जी हेच सहदिग्दर्शक, आणि नावाजलेल्या 'कॉमेदी-फ्रान्सेझ' रंगभूमीचे नट. त्या काळच्या मूकपटांत सर्रास दिसणारे हातवारे इथे फार कमी आहेत. मोजकी हालचाल, मधेच थबकणं, एवढ्यावर त्यांनी राजाची भीती उभी केली आहे.

खुनाचा प्रसंग संपला की चित्रपट थांबवा आणि चित्रकार पॉल दलारोशचं याच खुनावरचं १८३४चं चित्र शेजारी उघडा. उजवीकडे पलंगापाशी प्रेत, डावीकडे घोळक्याने उभे मारेकरी, आणि त्यांच्यामागून पडदा सारून डोकावणारा राजा. दोन्हींतला राजा प्रेताच्या किती जवळ जायला धजतो, ते ताडून पाहा.