चष्म्याचा नंबर लेझरने काढायचाय? खान्देशातल्यांनी आधी तपासणीचं नीट समजून घ्या

लेझर करून चष्मा काढल्यापासून मला सगळे एकच विचारतात, दुखलं का गं? तपासणीत काय काय बघितलं हे कुणी विचारत नाही, आणि सगळं ठरतं ते तिथेच. ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं मिळून वीसेक मिनिटांत झालं, तपासणीला अडीच तास लागले, आणि माझ्यासोबत आलेल्या धाकट्या भावाला डॉक्टरांनी सरळ सांगितलं, तुझं करता येणार नाही. बिचारा परतीच्या गाडीत एक शब्द बोलला नाही. पण त्या नाहीनेच त्याचे डोळे वाचले, आणि म्हणून हे इतकं सविस्तर लिहितेय.

पहिलं काम घरी बसूनच करायचं. मागच्या दोन वर्षांच्या नंबरच्या चिठ्ठ्या शोधा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. वय १८ पूर्ण पाहिजे आणि वर्षभरात नंबर ०.५ पेक्षा जास्त हललेला नको. नंबर अजून वाढत असेल तर लेझर केल्यावरही तो वाढायचा थांबत नाही, मग पैसे जातात आणि चष्मा परत येतो. आपल्याकडे पोरगी एकोणीसची झाली, स्थळं यायला लागली की घरच्यांना चष्मा काढायची घाई सुटते, कृपा करून त्या घाईत हे करू नका, वर्षभर थांबल्याने कुठलं चांगलं स्थळ जात नाही. गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तरीही थांबा, त्या काळात नंबर हलतो. आणि चाळिशी जवळ आलीय त्यांनी मनाची तयारी ठेवा, लांबचा चष्मा गेला तरी वाचायचा चष्मा वयाने लागतोच.

भुसावळकडच्या पोरांसाठी वेगळं सांगते कारण तिथे घराघरात रेल्वेच्या भरतीची तयारी चालू असते. असिस्टंट लोको पायलटची तयारी करत असाल तर लेझर करूच नका, त्या पदाला लेझर केलेला उमेदवार मेडिकलला अपात्र ठरतो. पोलीस, आर्मी आणि बाकी पदांचे नियम वेगवेगळे आहेत, तेव्हा आधी जाहिरातीतलं मेडिकलचं पान वाचा आणि मग डोळ्याला हात लावा.

पैशाचं म्हणाल तर साधं लॅसिक, म्हणजे लेझरचा नेहमीचा प्रकार, आणि नवीन प्रकार यांच्यात बराच फरक पडतो, दोन्ही डोळ्यांचे मिळून तीस-चाळीस हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत सांगतात. मेडिक्लेमवर विसंबू नका, ७.५ पेक्षा कमी नंबर असेल तर आरोग्य विम्यात हा खर्च बसत नाही.

आता तपासणी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे आधी आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद करा, कारण लेन्सने बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, थोडा दबलेला असतो आणि मापं चुकीची येतात. त्या दिवशी बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, चार-सहा तास जवळचं काही दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही, म्हणून मोटरसायकलवर एकटं जाऊ नका. आपल्याकडचे बरेच जण नाशिकला, संभाजीनगरला, पुण्या-मुंबईला जातात, नंदुरबारवाले सुरत गाठतात. कुठेही जा पण एक मुक्काम धरूनच जा, दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवायची नसते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉर्नियाची जाडी आणि आकार. लेझर कॉर्निया घासून पातळ करतो आणि त्याचा बाक बदलतो म्हणून नंबर जातो, तेव्हा घासायला पुरेसा माल पाहिजे ना. जाडी साधारण ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लॅसिकमध्ये आधी वरचा पातळ पापुद्रा उचलतात तो ११० च्या आसपास, मग एका नंबरमागे १२ ते १५ मायक्रॉन घासलं जातं, आणि खाली किमान २५० तरी शिल्लक राहिले पाहिजेत, बरेच डॉक्टर ३०० धरतात. आता समजा जाडी ४८० आहे आणि नंबर ९. पापुद्र्याचे ११० गेले, घासण्यात सव्वाशे गेले, उरले २४५. म्हणजे नाहीच करायचं. हा हिशोब तुमच्या आकड्यांनी कागदावर मांडून दाखवा असं डॉक्टरांना बिनधास्त म्हणा, चांगला डॉक्टर आनंदाने दाखवतो, आणि जो तपासणीच्या आधीच आजची ऑफर सांगतो तिथून उठून या.

माझ्या भावाची जाडी तर बरी होती पण नकाशासारख्या रंगीत रिपोर्टमध्ये, त्याला टोपोग्राफी म्हणतात, कॉर्निया खालच्या बाजूला फुगत चाललेला दिसला. केराटोकोनस. यात कॉर्निया आपोआप पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आणि अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर तो अजून झपाट्याने बिघडतो. डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? डोळे चोळतोस का. चोळतो म्हणजे काय, लहानपणापासून चोळतो, आमचं जिनिंगजवळचं घर, कापसाची धूळ, वर उन्हाळा, त्याचे डोळे कायम खाजायचे आणि आम्ही त्याला फक्त रागवायचो. ॲलर्जीचं औषध वेळेवर घ्यायला पाहिजे होतं. तुमच्या घरात असं पोर असेल तर लेझरचा विचार पुढे बघा, आधी त्याची ॲलर्जी दाखवा. भावाचं नंतर सी थ्री आर केलं, त्यात औषधाचे थेंब आणि अतिनील किरणं वापरून कॉर्निया कडक करतात म्हणजे आजार पुढे सरकत नाही. आता तो खास कडक लेन्स लावून छान वाचतो.

बाकी डोळ्याचं पाणी मोजायला पापणीत पाच मिनिटं कागदाची पट्टी ठेवतात आणि मागचा पडदा बघतात. मायनस नंबरवाल्यांचा पडदा ताणलेला असतो, त्याला छिद्र असेल तर ते आधी बुजवावं लागतं. आणि लेझरने नंबर गेला तरी पडदा तसाच राहतो, त्यामुळे वर्षातून एकदा तपासणी सुटत नाही.

प्रकार कुठला हे तुम्ही जाहिरात बघून ठरवू नका. कॉर्निया थोडा पातळ असेल तर पीआरके सांगतात, त्यात पापुद्रा नसतो पण तीन-चार दिवस चांगलंच चुरचुरतं आणि नजर हळूहळू साफ होते. लॅसिकमध्ये दुसऱ्या दिवशीच दिसायला लागतं. स्माईलमध्ये बारीक चीर देऊन आतली चकती काढतात. नंबर फार मोठा असेल तर कॉर्नियाला हात न लावता आत लेन्स बसवतात. घासायचं काम करणारा एक्सायमर लेझर जिवंत पेशीजाल न जाळता बारीक कापतो हे १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत दिसलं आणि त्यातले एक शास्त्रज्ञ चेन्नईत जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन होते, हे कळल्यावर मला तरी खूप अभिमान वाटला.

ऑपरेशनच्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून जा, काजळ, पावडर, अत्तर काही नको. सुई नसते, थेंबांनी डोळा बधिर होतो. पापण्या क्लिपने उघड्या धरतात म्हणून मिटायची भीती नाही. मध्ये एक कडं दाबून बसवतात तेव्हा दाब येतो आणि काही सेकंद अंधार होतो, तो अपेक्षित असतो, घाबरून डोकं हलवू नका. मग समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं, जळाल्यासारखा वास येतो, एका डोळ्याला मिनिटभर पण लेझर चालत नाही.

पहिले चार-पाच तास डोळ्यात कांदा गेल्यासारखं होतं. झोपून काढा. मग खरी परीक्षा घरी, आणि आपल्या भागात ती जास्त कठीण आहे. एप्रिल-मे मध्ये करू नका असं मी तरी सांगेन, ४५ डिग्रीत कपाळाचा घाम डोळ्यात उतरतो आणि हात आपोआप वर जातो. आखाजीला सगळे घरी असतात म्हणून तेव्हाची तारीख घेऊ नका, धुळवडीच्या तोंडावर तर नाहीच. दिवाळी झाल्यावरचे दिवस बरे. आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, झोपताना प्लास्टिकची वाटी लावायची, महिनाभर पोहणं बंद, काजळ दोन आठवडे बंद. मिरची कांडणं, भरिताची वांगी काड्यांवर भाजणं, चुलीचा धूर, नंदुरबारकडे मिरचीच्या पथारीवरचं काम, या सगळ्यापासून लांब राहा. आणि चोळायचं अजिबात नाही, पापुद्रा सरकतो. माझी आजी आठ दिवस मागे फिरायची, डोयाले हात नको लावू माय, आणि तिच्यामुळेच मी वाचले.

थेंबांचं एक नीट लक्षात ठेवा. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टर हळूहळू कमी करून बंद करतात, ते बरं वाटतं म्हणून मेडिकलवरून परत आणून टाकत बसू नका, डोळ्याचा दाब वाढतो आणि त्यातून काचबिंदू होऊ शकतो. ओलाव्याचे थेंब मात्र काही महिने लागतात. रात्री गाडीच्या दिव्यांभोवती कडी दिसतात, मला तीनेक महिने दिसली, तोवर हायवेला रात्रीची गाडी चालवली नाही. डोळा अचानक लाल झाला, दुखायला लागला किंवा नजर कमी झाली तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी फोन करा.

आणि ऑपरेशनआधीचा नंबर, जाडी, टोपोग्राफी यांची फाइल मागून घ्या. म्हातारपणी मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढायला हेच आकडे लागतात, लेझर झालेल्या डोळ्यात नेहमीचा हिशोब चुकतो. माझी फाइल सोन्याच्या पावत्यांसोबत कपाटात आहे आणि ती कशासाठी आहे हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.