मशीनवर परत बसताना: लोकर आणि गेज

लग्नाआधी स्वेटर मशीन चालवलं, मग ते माळ्यावर गेलं, अशा बायका नाशकात कमी नाहीत. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आली की मशीन आठवतं. मीही त्यांतलीच.

आधी स्पंजची पट्टी बदला. सुया दाबून धरणारी ही पट्टी पडून पडून चपटी होते, सुया उचलल्या जातात, टाके सुटतात. आणि बोल लागतो लोकरीला. जुनं चिकट तेलही पुसून काढा.

आता गेज. घरगुती मशीनचं गेज म्हणजे शेजारच्या दोन सुयांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. 200 सुयांचं स्टँडर्ड मशीन 4.5 चं, मिड-गेज बहुधा 6.5, जाड लोकरीचं 9. आकडा मोठा, लोकर जाड. कारखान्यातला माणूस ‘12 गेज’ म्हणतो तेव्हा मात्र तो इंचातल्या सुया मोजत असतो. तिथे आकडा मोठा, कापड बारीक. जुनं मशीन घेताना हे आधी विचारून घ्या.

दुकानदार ‘थ्री प्लाय, फोर प्लाय’ सांगतो, पण पदरांवरून जाडी कळत नाही. वजनाला लांबी किती, ते बघा. 4.5 च्या मशीनला 100 ग्रॅममागे 400 मीटर ही माझ्या मते जाडीची सोयीची हद्द. त्याहून जाड धाग्याला कॅरेज (सुयांवरून सरकवायचा भाग) जड जातं, आणि हातविणकामाची बरीच लोकर त्या हद्दीपलीकडचीच असते.

म्हणून मी कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेला बारीक धागा, घेते. ॲक्रिलिकच्या कोनावर 2/32 असेल तर 32 नंबरचे, म्हणजे ग्रॅमला 32 मीटर भरणारे, दोन पदर एकत्र पिळलेले: ग्रॅमला 16 मीटर, 100 ग्रॅमला 1600. एकेरी धागा 4.5 वर जाळीदार पडतो. असे तीन धागे एकत्र घेतले की सुमारे 530 मीटर, चार घेतले की 400. थंडीच्या स्वेटरला मी तीन घेते, तान्ह्या बाळाच्या कपड्यांना दोन. सुती धाग्याला हा हिशेब लावू नका, त्याची नंबराची पद्धत वेगळी.

टाका सैल-घट्ट करणाऱ्या डायलच्या दोन-तीन आकड्यांवर नमुने विणा. उतरवल्या उतरवल्या मोजू नका, टाके ताणलेले असतात. रात्रभर ठेवा, धुवा, वाळवा, मग मोजा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली तर ते कायमचं लुळं पडतं. कोनाऐवजी लोकरीचा गुंडाच वापरायचा असेल तर आधी वाइंडरवर (लोकर गुंडाळायच्या यंत्रावर) सैल गुंडाळून घ्या आणि गुंडाळतानाच धाग्याला मेणाचा तुकडा लावा.